विष्णुशास्त्र्यांचा राजीनामा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

वाचक भक्तहो, यंदाच्या दत्तजयंती अंकासाठी मी विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं चरित्र निवडलं आहे. शास्त्रीबुवा संत नव्हते, दत्तभक्त म्हणूनही त्यांची ख्याती नाही. मग या अंकात ते कशाला, असं कुणी विचारील. कारण सांगतो.

मी पुण्यातल्या शाळांमधून एकतीस वर्षं शिकवलं आणि आता निवृत्त आहे. त्यामुळे गुरुवारी आरतीनंतर प्रसाद हातावर पडतो न पडतो तोच एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कुणाचा मुलगा शिक्षक असतो, कुणाची सून शिक्षिका. नोकरी कायम, पगार ठरल्या दिवशी हातात, घराचा हप्ता त्यावरच चाललेला. पण संध्याकाळी घरी येतात ते चेहरा उतरवून. शिकवण्यापेक्षा तक्ते भरण्यातच दिवस जातो, वरून आलेला हुकूम मनाला पटत नाही, आणि तसं बोलायची सोय नाही. सोडू का, असं मुलं घरी विचारतात. आईवडील घाबरतात आणि मला येऊन विचारतात, सोडू द्यावी का?

त्यांना मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. विष्णुशास्त्र्यांची गोष्ट सांगतो. हाच प्रश्न आपल्या पुण्याच्या या माणसापुढे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी उभा होता. त्यांनी तो कसा सोडवला, हे नीट पाहिलं तर घरातल्या मुलाशी काय बोलावं हे आपोआप सुचतं.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर म्हणजे त्या काळातलं मोठं नाव. संस्कृतात पारंगत, इंग्रजीही उत्तम. मेघदूताचं मराठी पद्यात रूपांतर त्यांनी केलं, अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणल्या, मराठी व्याकरणावर निबंध लिहिले. आणि हे सगळं सरकारी शिक्षण खात्याच्या नोकरीत राहून. शिक्षक तयार करणाऱ्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे ते प्रमुख होते. म्हणजे घरात सरस्वती होती आणि सरकारी पगारही होता. दोन्ही एका छपराखाली सुखाने नांदू शकतात, हे विष्णुशास्त्र्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. ज्याच्या घरात नोकरीचं असं चांगलं उदाहरण असतं, त्याला नोकरी सोडणं जास्त जड जातं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

शिक्षण खात्याचं ‘शालापत्रक’ नावाचं मासिक कृष्णशास्त्र्यांकडे होतं. १८६८ पासून, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून, त्याचं बरंचसं काम मुलगा पाहू लागला. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी या पाच संस्कृत कवींवरचे त्यांचे निबंध आधी इथेच आले. पुढे या मासिकात मिशनऱ्यांवर आणि सरकारी धोरणावर टीका होऊ लागली. खात्याच्याच मासिकात खात्याला टोचणारा मजकूर येतो, हे वरच्यांना कसं खपावं? १८७५ मध्ये ‘शालापत्रक’ बंद पडलं. दुसऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या कागदावर आपलं मन किती मांडता येतं, याचा पहिला धडा विष्णुशास्त्र्यांना असा घरातच मिळाला.

१८७२ मध्ये ते डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले. त्या काळी बी.ए. झालेला माणूस गावात बोटावर मोजण्याइतका. सरकारी खात्यात त्याला वाट मोकळी असे. विष्णुशास्त्री शिक्षक झाले आणि लवकरच पुण्याच्या सरकारी हायस्कुलात लागले. ती नोकरी कशी होती हे आजच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. मुंबई इलाख्यात १८५५ साली शिक्षण खातं सुरू झालं होतं. वर डायरेक्टर, त्याच्या हाताखाली तपासनीस, त्यांच्याखाली मुख्याध्यापक आणि मग शिक्षक अशी उतरंड. काय शिकवायचं, कुठलं पुस्तक लावायचं, कुणाची बदली कुठे करायची, हे सगळं वरून ठरे. त्याबदल्यात पगार नियमित, समाजात मान, आणि म्हातारपणी पेन्शन. बाहेर देशात दुष्काळ पडो की मंदी येवो, या माणसाची चूल पेटणारच. अशी नोकरी हातात असताना कुणी सोडतो म्हटला, की नातेवाईक त्याला वेड्यात काढत. आजही काढतात.

विष्णुशास्त्र्यांचं दुःख शिकवण्याचं नव्हतं. शिकवणं त्यांना प्रिय होतं, आणि पुढेही त्यांनी तेच केलं. दुःख होतं ते बांधलेपणाचं. आपली भाषा, आपला इतिहास, आपले कवी यांच्याविषयी मुलांच्या मनात अभिमान उभा राहावा, असं त्यांना वाटे. आणि ज्या व्यवस्थेत ते शिकवत होते, तिथे त्या अभिमानाला जागा नव्हती. शिक्षकाने शिकवावं, सही करावी आणि घरी जावं, एवढीच अपेक्षा.

आता मुद्द्याची गोष्ट. असं वाटू लागल्यावर त्यांनी ताबडतोब राजीनामा फेकला नाही. २५ जानेवारी १८७४ रोजी त्यांनी ‘निबंधमाला’ नावाचं मासिक काढलं. वय २३. नोकरी चालूच होती. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात निबंधमाला. मासिकातला जवळजवळ सगळा मजकूर एकटे विष्णुशास्त्रीच लिहीत. मराठी भाषेची सद्यःस्थिती, वाचन, इतिहास, विद्वत्त्व आणि कवित्व, डॉक्टर जॉन्सनचं चरित्र असे नाना विषय. जवळपास आठ वर्षांत ८४ अंक निघाले. महिन्याला एक धरला तर हे सात वर्षांचे अंक होतात. म्हणजे अंक मागे पडत, वाचक वाट बघत. नोकरी सांभाळून एकट्याने मासिक चालवणाऱ्याची ओढाताण या हिशोबातच दिसते. पण अंक मागे पडले तरी मासिक बंद पडलं नाही.

त्यांच्या लेखणीला धार होती आणि ती कधी कधी नको तिथे लागली, हेही इथे सांगितलं पाहिजे. लोकहितवादींवर आणि महात्मा फुल्यांवर त्यांनी जे लिहिलं, त्यात उपहास फार आणि समजून घेणं कमी. फुल्यांनी ज्यांच्यासाठी शाळा काढल्या, त्या मुलामुलींचं दुःख विष्णुशास्त्र्यांच्या नजरेत पुरतं आलं नाही. मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना त्याच्या पाया पडावं, पण डोळे मिटून घेऊ नयेत.

निबंधमाला गाजू लागली तशी खात्याची नजर वळली. विष्णुशास्त्र्यांची रत्नागिरीच्या सरकारी शाळेत बदली झाली. ही बदली निबंधमालेची शिक्षा होती, असंच लोक तेव्हा समजले आणि आजही समजतात. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. पुण्याहून रत्नागिरीला जायचं तर घाट उतरून दिवसचे दिवस प्रवास, नाहीतर मुंबईहून बोट. ग्रंथ, मित्र, छापखाना सगळं पुण्यात, आणि माणूस समुद्रकाठी. नोकरी तीच, शिकवणंही तेच, पण ज्या कामासाठी जीव तळमळत होता त्याच्यापासून मुद्दाम दूर केलेलं.

इथे सामान्य माणूस दोनपैकी एक करतो. मान खाली घालून निबंधमाला बंद करतो, नाहीतर रागाच्या भरात त्याच संध्याकाळी राजीनामा लिहितो. विष्णुशास्त्र्यांनी दोन्ही केलं नाही. ते रत्नागिरीला गेले. तिथे शिकवत राहिले. मालेचे निबंधही लिहीत राहिले. आणि एकीकडे पुढची पायाभरणी चालूच होती. १८७८ मध्ये जनार्दन बाळाजी मोडक, काशिनाथ नारायण साने वगैरे मंडळींबरोबर ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू झालं. जुन्या कवींची काव्यं, बखरी, ऐतिहासिक पत्रं यातून छापून येऊ लागली. त्याच वर्षी पुण्यात ‘चित्रशाळा’ उभी राहिली. देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रं तिथे छापली जात. आपल्या आजी-पणजीच्या देवघरात भिंतीवर जुनी चित्रं असत, त्यांतली कितीतरी चित्रशाळेची. चांगली पुस्तकं लोकांना मिळावीत म्हणून ‘किताबखाना’ नावाचं दुकानही त्यांनी काढलं.

म्हणजे पाहा. राजीनाम्याच्या आधी हाताशी काय काय होतं? स्वतःचं मासिक होतं आणि ते वाचणारा वर्ग होता. सोबत काम करणारे चार विश्वासू लोक होते. छापण्याची आणि विकण्याची थोडी व्यवस्था होती. १८७८ मध्येच वडील कृष्णशास्त्री वारले. घरातला वडिलधारा आधार गेला, जबाबदारी अंगावर आली. अशा वेळी बहुतेक माणसं नोकरीला जास्तच घट्ट धरतात. पण पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, विष्णुशास्त्र्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. वय २९. पेन्शनचा हक्क सोडला, पगार सोडला आणि पुण्यात आले.

आले ते स्वस्थ बसायला नव्हे. सरकारच्या मर्जीवर न चालणारी, आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांसाठी चालवलेली शाळा काढायची, हा बेत होता. त्याच वेळी डेक्कन कॉलेजात शिकलेले दोन तरुण, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर, हाच विचार करत होते. सरकारी नोकरी करायची नाही, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. विष्णुशास्त्री राजीनामा देऊन शाळा काढणार, हे कळल्यावर ते त्यांना येऊन भेटले. सुरुवातीला आणखीही काहींनी साथ द्यायचं कबूल केलं होतं. ऐन वेळी त्यांतले काही मागे हटले. आगरकरांचा एम.ए.चा अभ्यास चालू होता, त्यामुळे ते पुढच्या वर्षी येणार होते. तेव्हा अडून बसायला कारणं पुष्कळ होती. तरीही जानेवारी १८८० मध्ये बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री आणि टिळक शिकवायला उभे राहिले. महादेव बल्लाळ नामजोशी यांची खटपट सोबत होती. लवकरच संस्कृतचे पंडित वामन शिवराम आपटे येऊन मिळाले.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार मोलाची वाटते. विष्णुशास्त्र्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि शिक्षकच झाले. फळा तोच, खडू तोच, पेठेतली मुलंही तीच. बदललं एवढंच, की आता वर्गात काय बोलायचं हे त्यांच्या मनावर होतं. पगाराची शाश्वती गेली, आणि त्या जागी मोकळेपणा आला. शिक्षकाच्या नोकरीला कंटाळलेल्या मुलाला मी म्हणून आधी हेच विचारतो, की बाबा रे, तुला शिकवण्याचा कंटाळा आलाय की शाळेचा? शिकवण्याचा आला असेल तर गोष्ट वेगळी. शाळेचा आला असेल, तर विष्णुशास्त्र्यांकडे बघ.

पुढचं वर्ष उजाडलं आणि ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला. दोन दिवस आधी इंग्रजी ‘मराठा’ निघाला होता. त्यासाठी छापखाना घेतला तेव्हा हमालांना द्यायला पैसे नव्हते म्हणा किंवा धीर नव्हता म्हणा, विष्णुशास्त्री, टिळक आणि आगरकर यांनी टाइपांच्या पेट्या स्वतःच्या खांद्यावरून वाहून नेल्या, असं पुण्यात सांगतात. दोन वर्षांपूर्वी सरकारी शाळेत खुर्चीवर बसणारा बी.ए. झालेला शास्त्री पेठेच्या रस्त्याने ओझं वाहतो आहे! बघणाऱ्यांना दया आली असेल. वाहणाऱ्याच्या मनात काय असेल, याची कल्पना ज्याने मनासारखं काम एकदा तरी केलं आहे, त्याला करता येईल.

निबंधमालेचा शेवटचा मोठा निबंध ‘आमच्या देशाची स्थिती’ हा याच मोकळ्या दिवसांतला. नोकरीत असताना तो लिहिता आला असता का? पुढे १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली आणि ती उठायला १९३७ साल उजाडावं लागलं. लिहिणारा जाऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावरही सरकारला त्या निबंधाची भीती वाटत होती.

आता कठीण भाग. १८८२ च्या सुरुवातीला कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवरच्या लेखांमुळे केसरी-मराठ्यावर अब्रुनुकसानीचा खटला उभा राहिला होता. त्याच काळात विष्णुशास्त्री आजारी पडले आणि १७ मार्च १८८२ रोजी गेले. वय ३२ सुद्धा पूर्ण नव्हतं. नोकरी सोडल्यानंतर जेमतेम अडीच वर्षं त्यांच्या वाट्याला आली. टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले ते त्याच वर्षी, पण ते पाहायला विष्णुशास्त्री राहिले नव्हते.

ही गोष्ट सांगितली की मंडपातलं कुणीतरी हमखास म्हणतं, बघा, नोकरीत राहिले असते तर? मी म्हणतो, आयुष्याची दोरी आपल्या हातात नाही, हे तर आपण दत्तभक्तांना सांगायला नको. नोकरीत राहून आयुष्य वाढलं असतं असं कोण म्हणेल? जे मिळालं त्यातली शेवटची अडीच वर्षं त्यांनी मनासारखी घालवली. आणि जे लावलं ते रुजलं. ते गेले त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी ही शाळा पाहिली आणि तिची प्रशंसा केली. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. रमणबागेतलं न्यू इंग्लिश स्कूल आजही भरतं. आपल्यापैकी कित्येकांची मुलं, नातवंडं तिथे शिकली.

पण म्हणून सगळ्यांनी नोकऱ्या सोडाव्यात, असं मला मुळीच म्हणायचं नाही. दुसरं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. प. पू. गुळवणी महाराज. थोरल्या महाराजांचे, म्हणजे वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामींचे शिष्य. ते पुण्यात नूतन मराठी विद्यालयात चित्रकला शिकवत. मुलांना रेघा आणि रंग शिकवणारा हा साधा शिक्षक किती मोठा अधिकारी आहे, हे शाळेतल्या अनेकांना कळलंही नसेल. त्यांनी नोकरी केली, ती नीट केली, आणि साधनाही केली. नोकरी त्यांच्या आड आली नाही.

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ते सगळ्यांना पाठ असतील. त्यांत कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा होता म्हणून बाकीचे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि सुखी झाला. त्याच चोवीसांत अजगरही आहे. तो जागचा हलत नाही, समोर येईल त्यावर समाधान मानतो. एक गुरू सोडायला शिकवतो, दुसरा बसून राहायला. दोघेही दत्तमहाराजांचेच गुरू. कुठला धडा आपला, हे ज्याचं त्याने ओळखायचं. गुळवणी महाराजांचं जे काम होतं त्याला नोकरीची अडचण नव्हती. विष्णुशास्त्र्यांच्या कामाला ती होती, बदलीच्या हुकमाने ते सिद्धच केलं होतं.

तेव्हा घरातला मुलगा किंवा सून नोकरी सोडू म्हणाली, तर एकदम अंगावर जाऊ नये. आणि तोंडभर आशीर्वाद देऊन मोकळंही होऊ नये. शांतपणे जवळ बसवावं आणि विचारावं, शाळा सुटल्यावर, रविवारी, सुट्टीत तू काय उभं करतो आहेस? कुणी सोबत आहे का? वर्षभर पगार नसला तर घर कसं चालेल, हे कागदावर मांडलंस का? विष्णुशास्त्र्यांकडे राजीनाम्याच्या दिवशी पाच वर्षांची निबंधमाला होती. मुलाकडे अजून काही नसेल, तर त्याला सांगावं की नोकरी ठेव आणि आजपासून तुझी माला ओवायला घे. आणि जर त्याची माला खरोखर ओवली जात असेल, आणि नोकरीच ती तोडायला बसली असेल, तर आपण वडीलधाऱ्यांनी आपल्या भीतीची बेडी त्याच्या पायात घालू नये. थोडे दिवस घरखर्चाला हात लावावा. आपली पेन्शन असते ती आणखी कशासाठी?

ज्याला जिथे ठेवायचं तिथे दत्तमहाराज ठेवतात, आणि ज्याला हलवायचं त्याला हलवतात. आपल्या मुलाबाळांना ते ओळखण्याची बुद्धी व्हावी, आणि आपल्याला त्यांच्या पाठीशी उभं राहण्याचा धीर यावा, एवढंच या दत्तजयंतीला महाराजांच्या चरणी मागणं.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥